लॉनला आणि बांधाला: पेट्रोलचं मशीन घ्यावं की बॅटरीचं?

रुईकरची_लॉन

मंडळी नमस्कार. रुईकर कॉलनीत बंगल्यापुढं साधारण १८०० चौरस फूट लॉन आहे. बहुतेक सिलेक्शन वन, आणि आंब्याच्या सावलीत कार्पेट गवत. शिवाय भुदरगडात सव्वा एकर ऊस आहे, सगळे बांध मिळून ३०० मीटर भरतील. पावसाळ्यात बांधावर गवत कमरेला लागतं, एका बाजूला घाणेरी माजली आहे. उसाला ठिबक आहे.

दुकानदार ५२ सीसीचा टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारा) ब्रश कटर दाखवतो आणि म्हणतो, लॉनलाही हाच वापरा, शेतातही हाच. ऑनलाइन त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत '४८ व्होल्ट'चा बॅटरी कटर दिसतो, दोन बॅटऱ्यांसकट.

तर प्रश्न असे. एक मशीन दोन्हीकडं भागेल का? बॅटरीचं मशीन जुलैच्या ओल्या गवतात तग धरतं का? आणि पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलमुळं लहान इंजिनं बिघडतात म्हणतात, ते कितपत खरं? बजेट सगळं मिळून ४० हजार. लॉन मी स्वतः कापणार, वय ५८. बांधावर गडी असतो.

---

हिरवळ_करवीर

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. ब्रश कटरने लॉन कापली जात नाही, भादरली जाते. मशीन खांद्याला लटकतं, हात दर फेऱ्याला इंच-दीड इंच खालीवर होतो. जिथं तंगूस, म्हणजे कापायची नायलॉनची दोरी, खाली टेकतो तिथं गवत मुळापर्यंत सोललं जातं आणि आठवड्याभरात तपकिरी चकत्या दिसतात. सिलेक्शन वन हरळीच्या कुळातलं असल्यामुळं पुन्हा फुटतं, पण सावलीतलं कार्पेट गवत लवकर सावरत नाही. लॉनला चार चाकांवर ठरलेल्या उंचीने चालणारा मोवरच हवा. ब्रश कटर फक्त भिंतीकडेला, कुंड्यांभोवती, पायरीखाली.

आता बॅटरी पुरेल का, ते दुकानदाराच्या 'अर्धा एकर चालतं' वर सोडू नका, गणित मांडा.

१८०० चौरस फूट म्हणजे १६७ चौरस मीटर. १४ इंची मोवरचं पातं ३५ सेंटीमीटर कापतं, पण पट्टे एकमेकांवर घ्यावे लागतात म्हणून ३० धरा. ताशी ३ किलोमीटरने चाललात तर नुसतं कापायला ११-१२ मिनिटं. वळणं, कोपरे, गवताची पिशवी रिकामी करणं धरून पाऊण वेळ आणखी जातो, पण त्यात मोटार बंद असते किंवा मोकळी फिरते.

बॅटरीवर '४० व्होल्ट' लिहिलेलं असलं तरी तो पूर्ण चार्जचा आकडा. आत दहा सेल एकापाठोपाठ असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे कामाचा व्होल्टेज ३६. ४ अँपिअर-तासाची असेल तर ३६ गुणिले ४, १४४ वॉट-तास. १४ इंची मोवर कोरड्या, वेळेवर कापलेल्या गवतात ४०० ते ६०० वॉट ओढतो. तेव्हा पंधरा ते वीस मिनिटं. फेब्रुवारीत तुमची लॉन एका बॅटरीत होईल, तीही काठावर.

जुलैत होणार नाही. ओलं गवत जड असतं, डेकखाली (पात्यावरच्या झाकणाखाली) लगदा होऊन चिकटतं, मोटार हजार वॉटच्या पुढं ओढते, आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट मध्येच बंद पाडतं. लोकांना वाटतं बॅटरी संपली. ती संपलेली नसते, तापलेली असते. म्हणून दुसरी ४ अँपिअर-तासाची बॅटरी हवीच, आणि तिची किंमत पहिल्यापासून हिशेबात धरा. बॅटऱ्या आणि चार्जर मिळून निम्मी किंमत होते हे बऱ्याच जणांना घरी आल्यावर कळतं.

पावसाळ्यातली कापणी अशी: सलग पाऊस असेल तर उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी दोननंतर, पानांवरचं पाणी उतरल्यावर. गवत वाढलं असेल तर पहिल्या दिवशी मोवर सगळ्यात वरच्या खाचेत ठेवून फिरवा, दोन-तीन दिवसांनी एक-दोन खाचा खाली. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हा नियम गवतासाठी सांगतात, पण बॅटरीलाही तोच लागू पडतो. पिशवी काढून ठेवा, ओलं गवत नळकांड्यात अडकतं. बाजूने बाहेर पडू दे आणि नंतर पंजाने ओढा. मध्येच दोन वेळा थांबून बॅटरी काढून, हो, बॅटरी काढूनच, डेकखालचा लगदा लाकडी पट्टीने खरवडा.

पात्याची धार हा बॅटरी मोवरचा अर्धा जीव. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. टोकं पांढरट दिसली की समजा. मोटारही मग जास्त ओढते. महिन्यातून एकदा कानशीने दोन्ही टोकांना सारखे हात मारा, मग पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगून बघा. जी बाजू खाली झुकते ती अजून घासायची. तोल नसलेलं पातं मोटारीचं बेअरिंग खातं.

---

वायरमन_कोल्हापूर

लॉन रुईकर कॉलनीत, म्हणजे दारात प्लग आहे. मग बॅटरी तरी कशाला? वायरचा इलेक्ट्रिक मोवर घ्या. १४०० ते १६०० वॉटचा येतो, वजनाला हलका, बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्न नाही, आणि बॅटरीवाल्यापेक्षा बराच स्वस्त.

अटी तीन. एक, ज्या प्लगवर लावणार त्याच्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा. घराच्या मेन बोर्डात असेल तर बटण दाबून खरंच ट्रिप होतो का ते बघा, नसेल तर बाहेरच्या प्लगपुरता बसवून घ्या. दोन, वायर तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची. १६०० वॉटला ७ अँपिअर लागतात. ३० मीटर वायरमध्ये दीड स्क्वेअरला ५ व्होल्ट पडतात, तेवढं चालतं. टेबल फॅनची पाऊण स्क्वेअरची वायर जोडली तर ड्रॉप दुप्पट होतो आणि वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तर आतून वितळते. म्हणून रील पूर्ण उलगडायची. तीन, प्लगच्या जवळून सुरुवात करून लांब जायचं, वायर कायम कापून झालेल्या बाजूला आणि खांद्यावरून मागं. उलट दिशेने सुरू केलं की कधी ना कधी पातं वायरवर जातं.

ओल्या गवतात मात्र वायरचं मशीन नाही म्हणजे नाही. जून ते सप्टेंबर तुम्हाला हीच अडचण येईल. बॅटरीवाल्याचा खरा फायदा एवढाच.

त्या '४८ व्होल्ट'बद्दल. तसल्या मशीनवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असे आकडे असतात. 'व्हीएफ' हे कुठलंही एकक नाही. आत बहुधा पाचच सेल ओळीत असतात, म्हणजे १८ व्होल्ट. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वजनकाटा. १८६५० नंबरचा एक सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. खरी १४४ वॉट-तासाची बॅटरी करायला २ अँपिअर-तासाचे वीस सेल लागतात, नुसते सेल ९०० ग्रॅम, डबीसकट सव्वा किलोच्या आसपास. हातात आलेली बॅटरी ४०० ग्रॅम भरली तर आत पाच-सहा सेल आहेत, ३५-४० वॉट-तास. डबीवर काहीही छापलेलं असो. तुमच्याकडच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते, ती ९६ वॉट-तासाची. म्हणजे हा 'कटर' फवारणी पंपाच्या निम्म्याहून कमी जोरावर कमरेएवढं गवत कापणार!

चार्जरही बघा. गोल पिनचा साधा अडॅप्टर असेल तर तो बॅटरीचं तापमान बघत नाही. असली बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

---

उद्यमनगर_मिस्त्री

लॉनचं वरच्या दोघांनी सांगितलंय, त्यात माझी भर नाही. बांधाचं सांगतो.

कमरेएवढं गवत, घाणेरी, आणि जवळ चार्जिंगची सोय नाही, तिथं पेट्रोलच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातली पंधरा टक्केच पात्यापर्यंत पोहोचवतं असं धरलं तरी १३०० वॉट-तास झाले. म्हणजे वर सांगितलेल्या १४४ वॉट-तासाच्या नऊ बॅटऱ्या. एका बाटलीत मावतंय ते. शेतातल्या थ्री फेजचं वेळापत्रक तर तुम्हाला माहीत आहेच, आठवडा दिवसा आणि आठवडा रात्री. त्यावर चार्जिंगचा भरवसा ठेवू नये.

आता टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. माझं मत फोर-स्ट्रोक, ३५ सीसीचा. होंडाचं जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचं इंजिन त्यातलं ओळखीचं. जोर कागदावर १ किलोवॅट, म्हणजे ५२ सीसीच्या टू-स्ट्रोकपेक्षा आकडा लहान. पण टू-स्ट्रोकचा छापील जोर फक्त अगदी वरच्या फेऱ्यांत मिळतो, त्याखाली गवतात दबला की मरतो. फोर-स्ट्रोक दबला तरी ओढत राहतो. पेट्रोल तासाला अर्धा ते पाऊण लिटर, टू-स्ट्रोकला जवळपास लिटरभर. धूर नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल-पेट्रोल मिसळायची भानगड नाही. गड्याच्या हातात मशीन जाणार असेल तर हा मुद्दा सगळ्यावर भारी. टू-स्ट्रोक जी जळतात, ती बहुतेक ऑइल न घालता साधं पेट्रोल ओतल्यामुळं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडतात, मग सिलिंडर-पिस्टन दोन्ही बदला.

फोर-स्ट्रोकला तेल बरोबर १०० मिली, १० डब्ल्यू ३०. मशीन सपाट ठेवून बघायचं. जास्त भरलं तर ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं, पांढरा धूर येतो आणि लोक इंजिन खोलायला आणतात. पहिलं तेल १० तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. बांधाचं काम वर्षाला तेवढं होत नाही, तेव्हा मे अखेरीला आणि दिवाळीनंतर असं लक्षात ठेवा.

टू-स्ट्रोकच घेतलात तर प्रमाण मशीनच्या टाकीवर लिहिलेलं पाळा. १ लिटर पेट्रोलला १:२५ असेल तर ४० मिली, १:४० असेल तर २५ मिली, १:५० असेल तर २० मिली. ऑइल टू-स्ट्रोकचंच, डबीवर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. मोटरसायकलचं २० डब्ल्यू ४० चालत नाही, ते जळत नाही, प्लगवर आणि सायलेन्सरच्या जाळीत कोळसा धरतो. मिश्रण टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करा. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. महिनाभरापेक्षा जुनं वापरू नका.

दुकानात हमखास येणारी तक्रार: मशीन दहा मिनिटं चालतं, बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं. प्लग बदलायच्या आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. 'फुस्स' झालं आणि मशीन चालू झालं तर झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. दुसरी तक्रार, दोरी ओढून हात भरून येतो पण इंजिन पकडत नाही. प्रायमरचा रबरी फुगा दाबून बघा, पेट्रोल परत टाकीत जाताना दिसलं पाहिजे. फुगा तडकलेला असतो किंवा टाकीतला फिल्टर तुंबलेला. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलीमीटर. गिअर हेडला दर २५ तासांनी लिथियम ग्रीस, बोल्ट काढून, पिचकारीने, दोन-तीन दाब पुरे.

---

बांधावरचा

मिस्त्रीसाहेबांचं सगळं मान्य, पण फोर-स्ट्रोक म्हणजे जड. शिवाय गारगोटीकडं टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर कुणीही खोलतो, फोर-स्ट्रोकचा व्हॉल्व्ह सेट करणारा शोधावा लागेल. रोज चालणारं मशीन असेल तर फोर-स्ट्रोक. वर्षातून पाच-सहा वेळा बांध काढायचा असेल तर ४० सीसीच्या आसपासचा चांगल्या कंपनीचा टू-स्ट्रोक पुरे. पण मिश्रण मालकाने स्वतः करून कॅन द्यायचा, गड्याने नाही.

पात्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. साध्या गवताला २.४ मिलीमीटरचा तंगूस. वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, उन्हात सुकलेला नायलॉन ठिसूळ होऊन सारखा तुटतो. मुळाशी जाड झालेल्या गवताला तीन पात्यांचं लोखंडी ब्लेड. घाणेरीला ८० दात्यांचं कार्बाइड ब्लेड, २५५ मिलीमीटरचं. घाणेरीच्या खोडावर पात्याची डावी बाजू लावायची. समोरची उजवी बाजू लागली की मशीन झटक्यात उजवीकडं फेकलं जातं.

ठिबक हा तुमचा खरा धोका. १६ मिलीमीटरची लॅटरल (सरीतली ठिबकची नळी) तंगूसासमोर टिकत नाही, आणि गवतात ती दिसत नाही. कापणीच्या आधी कडेच्या लॅटरल उचलून दोन सरी आत टाका, सबमेनच्या (जमिनीखालच्या मोठ्या पाइपाच्या) वर आलेल्या राइझरला काठी रोवून फडकं बांधा. बांधापासून हातभर गवत विळ्याने काढलेलं परवडतं.

तंगूसाचं गार्ड काढून टाकायची सगळ्यांना खोड असते, म्हणजे दोरी लांब ठेवता येते. गार्डवर एक छोटी पाती असते, ती दोरी मापात कापते. ती काढली की दोरी लांब होते, इंजिनवर भार वाढतो, क्लच घसरायला लागतो आणि क्लचचा ड्रम निळा पडेपर्यंत तापतो. वर जांभ्याचे खडे थेट नडगीवर. गॉगल, गमबूट लागतातच. गमबूट घोणशीसाठीही.

---

रुईकरची_लॉन

खूप माहिती मिळाली, आभार. पण दोन गोष्टी राहिल्या. इथेनॉलचं कुणी बोललं नाही. आणि परदेशातले व्हिडिओ बघितले तर सगळे 'पेट्रोल सोडा' म्हणतात. मग इथं सगळे पेट्रोलचं का सांगतायत?

---

उद्यमनगर_मिस्त्री

कॅलिफोर्नियात २०२४ पासून तयार होणाऱ्या बहुतेक नव्या लहान इंजिनांवर शून्य उत्सर्जनाचा नियम आहे. म्हणून तिकडचे लोक बॅटरीकडं गेले, आणि त्यांचं काम बंगल्याच्या लॉनचं आहे. त्या कामाला इथंही बॅटरीच सांगितली की तुम्हाला. घाणेरीचा बांध हे वेगळं काम.

आता इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, पण लहान इंजिनाला त्याचं प्रेम नाही. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते, पंपावर मिळतं २०. नक्की किती आहे बघायचं असेल तर काचेच्या मापात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल नसेल तर खाली १० मिलीच पाणी दिसेल. २० टक्के असेल तर खालचा थर २५-२८ मिलीपर्यंत चढतो, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. नंतर ते मिश्रण मशीनमध्ये घालू नका.

तुमच्या टाकीत हेच घडतं, फक्त सावकाश. पावसाळी हवेतला दमटपणा इथेनॉल शोषतं. अर्धी टाकी भरून मशीन दोन महिने गोठ्यात पडलं की तळाला पाणी-इथेनॉलचा थर बसतो, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाला असतो. इंजिन चालू करताना पहिलं तेच ओढलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि खालच्या थरात ऑइलच नसतं. हे लक्षात घ्या.

दुसरं नुकसान रबराचं. पेट्रोलच्या पातळ नळ्या आणि कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक होतात. डायफ्राम बोटाने दाबला तर मऊ कापडासारखा हलला पाहिजे. पापडासारखा 'टक' वाजला तर बदला. तिसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) डावीकडं एक अष्टमांश फेरा सैल केला तर बरं. पूर्ण रेसवर, भार नसताना आवाज किंचित फरफरता हवा, आणि गवताला लागला की स्वच्छ व्हायला हवा. भार नसताना सुईसारखा किंचाळत असेल तर मिश्रण पातळ आहे, तसंच चालवलं तर पिस्टन गेला. फोर-स्ट्रोकमध्ये हा स्क्रू बहुतेक वेळा बंद असतो, त्याच्या नादाला लागू नका.

उपाय साधा आहे. एका वेळेला लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं. काम संपलं की टाकी कॅनमध्ये रिकामी करायची, प्रायमर दाबून नळीतलं काढायचं, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. एवढं केलं तर २० टक्क्यांवरही मशीन चालतं. नाही केलं तर वर्षाला एक कार्ब्युरेटर, गणित पक्कं. डायफ्रामचा किट मशीनबरोबरच विकत घेऊन ठेवा.

---

हिरवळ_करवीर

यात बॅटरीच्या बाजूने एक मुद्दा. वर्षातून फार थोडे तास चालणाऱ्या पेट्रोल मशीनला चालवण्यापेक्षा ठेवण्याचा त्रास जास्त, हे मिस्त्रींच्याच लिहिण्यातून दिसतं. वाळूमातीच्या सपाट बांधावर, गुडघ्याएवढ्या मऊ गवताला ३६ व्होल्टचा बॅटरी ट्रिमर चालतो, आणि मोवरचीच बॅटरी त्याला बसते. पण तुमच्या ३०० मीटरला नाही. कमरेच्या गवतात एका बॅटरीत वीस मिनिटं धरली तरी अर्धा बांध होणार नाही.

म्हणून मोवर घेताना त्याच कंपनीचा त्याच बॅटरीवर चालणारा छोटा ट्रिमर नंतर घेता येईल का, एवढं बघून ठेवा. लॉनच्या कडांना तो लागेलच.

---

रुईकरची_लॉन

ठरत आलंय. लॉनला ३६ व्होल्टचा १४ इंची बॅटरी मोवर, दोन बॅटऱ्यांसह. बांधाला फोर-स्ट्रोक, गारगोटीत व्हॉल्व्ह सेट करणारा मिळाला तर. नाहीतर बांधावरचा म्हणतात तसा टू-स्ट्रोक. बजेट थोडं ताणेल. शेवटचं विचारतो: बॅटऱ्या मोवरसकट मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या तर चालतील का? आणि किती वर्षं जातात?

---

वायरमन_कोल्हापूर

मोवर ठेवा, बॅटऱ्या नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी जे तापतं त्यात लिथियम बॅटरी चार्ज न करताही झिजते. घरात, कपाटात, जिथं तुम्ही स्वतः दुपारी बसू शकता तिथं ठेवा. चार्जिंग ४५ अंशांच्या आतच. कापून आल्या आल्या चार्जरला लावू नका, तासभर गार होऊ द्या. महिनाभर काम नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवा, चार दिव्यांपैकी दोन लागलेले. पूर्ण भरून ठेवलेली लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी सोडलेली तर कधी कधी चार्जच घेत नाही.

पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर धरतो. बॅटरी काढलेली असताना मोवरच्या खोबणीतल्या पट्ट्या कोरड्या टूथब्रशने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर असेल तर एक फवारा, वाळू द्या. मोवर पाइपने धुवायचा नाही, डेक खालून ओल्या फडक्याने.

आयुष्य चार्जच्या संख्येत मोजतात, ४००-५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता जाणवेल इतकी घटते. तुमच्या लॉनला दोन बॅटऱ्यांवर तेवढे चार्ज व्हायला फार वर्षं लागतील, त्याआधी ती वयानेच थकेल. पाच वर्षं चांगली गेली तर पैसे वसूल. घेताना बिलावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या, मशीनची आणि बॅटरीची मुदत एकच नसते, आणि दुकानदार तोंडी सांगतो ती मशीनची असते.

---

बांधावरचा

फोर-स्ट्रोक घेतलात तर हार्नेस दोन खांद्यांचा मागून घ्या, एका पट्ट्याचा देतात तो नको. आणि पहिल्या दिवशी दुकानातच गड्याला घेऊन जा, त्याच्याच हातून चालू-बंद करून घ्या. चोक कधी उघडायचा हे त्याला कळलं की निम्म्या तक्रारी येत नाहीत.